उजवी घालून पाच किलोमीटर

माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं तरी ऐकणारा त्यातून निम्मं वजा करूनच घेतो. ही माझी पन्नास वर्षांची कमाई. लग्नाच्या पंगतीत माझ्याशेजारची खुर्ची धरायला लोक धडपडतात, पण घर घेताना, स्थळ बघताना किंवा डॉक्टर निवडताना माझा सल्ला कोणी विचारत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. गोष्ट सांगायची तर फोडणी घालावीच लागते. असल्या माणसाला साक्षीदार नेमू नये, एवढी साधी अक्कल आमच्या घरात कोणाला असू नये याचं मात्र मला गेल्या जानेवारीपासून नवल वाटतं आहे.

साक्ष द्यायची होती ती आत्याच्या गुडघ्याची.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आम्ही मूळचे तळवलीचे, खाडीकाठची माणसं. ती लग्न होऊन वाशीला आली आणि तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन सेक्टरासेक्टरांतून मासळी विकत फिरली. या शहराचे रस्ते आधी नकाशावर आले की आधी तिच्या पायाखाली आले, हे सांगणं कठीण आहे. त्या पाटीचं वजन शेवटी उजव्या गुडघ्यावर उतरलं. गेल्या वर्षी तो बदलला. मामा, म्हणजे तिचा नवरा, गेल्यापासून ती एकटी राहते, माझ्या इमारतीला लागून असलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.

तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, पंधरा वर्षं पुण्यात आहे. तिथल्या पाण्याने त्याचं मराठी इतकं स्वच्छ झालंय की फोनवर बोलताना मीसुद्धा पाठ ताठ करून बसतो. आईने पुण्याला यावं, कायमचं यावं, असं त्याने ऑपरेशननंतर ठरवून टाकलं. तिच्यासाठी खोली रंगवली. मग तो रोज फोटो पाठवायला लागला. त्याच्या घरापासून नदीकाठाने एक रस्ता निघतो, दोन बागांतून जातो आणि फिरून पुन्हा त्याच्या दारात येतो. सकाळी तिथे खूप ज्येष्ठ नागरिक फिरतात, असं तो म्हणायचा.

आत्याने डोळ्यांपासून हातभर लांब धरून फोटो पाहिला. "भरती कवा येतं?"

"आई, नदीला भरती नसते," तो स्पीकरवरून म्हणाला.

"ओहोटी?"

"तीही नसते."

"मंग बघाचा काय तिच्याकडं? हाय तसाच पानी हाय, सकालपासून सांजपरत."

त्यावर तो चिडला. म्हणाला, मुद्दा पाण्याचा नाही, चालण्याचा आहे. तुला चालता येत नाही, जिना चढता येत नाही, रात्री-अपरात्री पडलीस तर कोण येणार? आत्या म्हणाली, मना चालता येतं. तो म्हणाला, किती? ती म्हणाली, तुज्या नदीला जेवढा फेरा हाय तेवढा. पाच किलोमीटर आहे तो. मंग पाच. काठी न घेता? काठी न घेता. रिक्षा न करता? रिक्शा न करता.

ठरलं ते असं. त्याने येऊन थांबायचं. आत्याने खाडीकाठाने आणि बागांतून पूर्ण फेरा मारायचा. जमलं तर पुण्याचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर त्याच दिवशी दुपारी सामान गाडीत. तो दोन रिकाम्या मोठ्या बॅगा घेऊनच आला. सकाळी त्याची ऑफिसची मीटिंग होती, म्हणून तो लॅपटॉप उघडून आत्याच्या दिवाणावर बसणार आणि तिच्याबरोबर जाणार मी.

"दादा, तू फक्त बरोबर चालायचंस," तो मला म्हणाला. "आणि जे झालं ते सांगायचंस. जे झालं तेच."

मी छातीवर हात ठेवला. माझ्या नाटकी स्वभावाला असा प्रवेश वरचेवर मिळत नाही.

वाट मी आधी दोनदा चालून पाहिली होती. घराशेजारच्या बागेत शिरायचं, मागच्या फाटकाने नाल्यावर निघायचं, नाल्याच्या कडेने खाडीवर, तिथून भरतीचं पाणी अडवणाऱ्या धारण तलावाला वळसा, आणि झाडांच्या रस्त्याने परत. बाग आधी घेण्याला कारण होतं. आमच्या बागा सकाळी दहाला बंद होतात आणि थेट दुपारी चारला उघडतात. हे का, ते मला विचारू नका. बाग हे ऑफिस असावं आणि झाडांना जेवणाची सुट्टी लागत असावी. तर सहाला निघालो की बाग पहिल्या पाच मिनिटांत पार होते, पुढे कितीही वेळ लागो.

सहाला मी तिच्या दारात. आत्या पाणी भरत होती.

"आत्या, आज एक दिवस पाणी राहू दे. तुझा मुलगा भरेल."

"तो? त्याला नल कंचा नि पिंप कंचा, ता तरी म्हाईत हाय का?"

मुलगा दिवाणावरून म्हणाला, "आई, मला कळतं." तरी तिने स्वतः भरलं. पिंप, दोन हंडे, तीन कळशा आणि शेवटी एक तांब्या, तोही घासून. सव्वासातला आम्ही खाली उतरलो. नऊवारीखाली पांढरे बूट, हातात रुमाल, केसांत अबोली. मी उजवीकडे बागेच्या दिशेने वळलो. ती डावीकडे वळली.

"आत्या, इकडे."

"तिकडना उलटा फेरा परतं."

मला आधी कळेचना. मग तिने हवेत बोट फिरवून दाखवलं. फेरा मारायचा तो उजवी घालून. देवळात मारतो तसा. उजवा हात आतल्या बाजूला. उलटा फेरा कोन मारतं, ता तुना म्हाईत हाय ना?

"अगं, देवळात मध्ये देव असतो! इथे मध्ये काय आहे? दोन शाळा, एक बँक, चार सोसायट्या आणि एक ड्रायक्लीनवाला!"

"कायतरी असंलच," ती म्हणाली आणि चालू लागली.

मी हात जोडले, घड्याळ दाखवलं, बाग दहाला बंद होते हे तीन वेगवेगळ्या आवाजांत सांगितलं. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. म्हटलं ठीक आहे, पावणेतीन तास आहेत. पाच किलोमीटरला पावणेतीन तास म्हणजे पाटीवरच्या बोंबलालासुद्धा पुरतील.

पण मी आत्याबरोबर या शहरातून कधी चाललो नव्हतो.

पहिल्या कोपऱ्यावर एक मासेवाली नुकती बसत होती. आत्या थांबली. तिने एक बांगडा उचलला, त्याचे कल्ले उघडून पाहिले आणि पुन्हा ठेवला. काही बोलली नाही. ते न बोलणं इतकं अपमानास्पद होतं की मासेवाली उठून उभी राहिली. मग दोघींचं बर्फावरून सुरू झालं. बर्फ वर टाकावा की खाली, या प्रश्नाला वीस मिनिटं लागू शकतात, हे मी कोणाला सांगितलं तर ते माझ्याच खात्यावर खोटं म्हणून जमा होईल.

पुढे झाडांच्या रस्त्यावर दर तिसऱ्या फाटकातून कोणीतरी हाक मारायचं. "अहो मावशी, बऱ्या दिसताय!" या सगळ्यांच्या घरी तिने मासे दिले होते. कोणाला सुरमई लागते, कोणाच्या सासूला काटा अडकला होता, कोणाचा मुलगा फक्त कोलंबी खायचा, सगळं तिच्या डोक्यात. एका बाईने तिला गुडघा कसा आहे विचारलं. आत्याने नऊवारी वर करून शस्त्रक्रियेची खूण दाखवली. रस्त्याच्या मधोमध. समोरून शाळेची बस येत होती.

"आत्या, आठ वाजून गेले."

"वाजू दे. त्यांना दुसरा काय काम हाय."

धारण तलावापाशी हास्यक्लब होता. पंधरा-वीस माणसं गोल उभी राहून, हात वर करून हसत होती. आत्या थबकली.

"काय झाला यांना?"

"हसतायत. व्यायाम आहे तो."

"पन हसले कशावर?"

"कशावरही नाही."

तिने त्यांच्याकडे फार गंभीरपणे पाहिलं. पदर तोंडावर घेतला. आणि मग ती जी हसायला लागली ती खरी. खोटं हसणाऱ्यांच्या गोलाशेजारी एक खरं हसणारी बाई उभी राहिली की गोल बिघडतो. अर्ध्यांना खरोखरीचं हसू फुटलं, बाकीचे रागावले, आणि मुख्य गृहस्थ मला येऊन म्हणाले, "यांना जरा पुढे न्या." मीही तेच तर तासाभरापासून करत होतो, साहेब!

खाडीवर पोचलो तेव्हा नऊला पाच कमी होते. ओहोटी लागली होती, चिखल चकाकत होता आणि दूर फ्लेमिंगो उभे होते. कट्ट्यावर पाच-सहा फोटोवाले हातभर लांब लेन्सा रोखून बसले होते. आत्या एका लेन्सेच्या बरोबर समोर जाऊन उभी राहिली.

"आजी, प्लीज थोडं बाजूला. पक्षी आहेत."

"कुठं?"

"ते काय, तुमच्यामागे."

तिने वळून पाहिलं. "ते हायत तिकडं. मी चिखल बघतंय. हिकडं निवट्या हायत." आणि तिने वाकून, बदललेल्या गुडघ्यासकट वाकून, त्या माणसाला चिखलात उड्या मारणारे निवटे मासे दाखवले. कोणतं बीळ भरलेलं, कोणतं रिकामं, हात कसा घालायचा. तो बिचारा फ्लेमिंगो सोडून निवट्यांचे फोटो काढायला लागला. तेवढ्यात पक्षी उडाले. बाकीच्या फोटोवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाडीकडे पाहिलं.

वाकून उठताना तिने कट्टा धरला. थोडा जास्तच वेळ धरला.

"दुखतोय?"

"नाय."

पण तिथून तिचा वेग उतरला. कोणी भेटत नव्हतं तरी ती थांबू लागली. तिवरांकडे बघायची, नाल्यावरच्या खंड्याकडे बघायची, एकदा तर नुसत्याच एका विजेच्या खांबाकडे बघत उभी राहिली. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतं, कारण ते बघून चिडायचो आणि चिडलो की ती मुद्दाम हळू चालायची.

बागेच्या मागच्या फाटकाशी पोचलो. दहा वाजून चार मिनिटं. फाटकाला कुलूप.

आत वॉचमन दिसत होता. आमच्या वॉचमन लोकांची पद्धत अशी की ते आधी मागचं फाटक लावतात, मग शिट्टी वाजवत सगळ्यांना कोंबड्यांसारखं पुढच्या फाटकाकडे हाकतात. मी गजांना धरून उभा राहिलो. गजांपलीकडे घसरगुंडी, तिच्यापलीकडे पुढचं फाटक, आणि त्याच्या वरून दिसणारी आमच्या इमारतीची पाण्याची टाकी. अडीचशे पावलं. फार तर तीनशे.

"ओ दादा! चार मिनिटं झालीत फक्त! म्हातारं माणूस आहे!"

"चारला उघडतो साहेब."

"अहो, नुसतं पलीकडे जायचंय! पुढचं फाटक उघडंच आहे ना!"

"पुढचं बाहेर जायला उघडं आहे. आत यायला नाही."

"आम्ही बाहेरच जाणार आहोत!"

"पण त्यासाठी आत यावं लागेल ना," तो समजुतीने म्हणाला आणि शिट्टी वाजवत निघून गेला. मी त्या फाटकापुढे असं काही भाषण केलं की रंगमंचावर टाळ्या पडल्या असत्या. फाटकावर परिणाम झाला नाही.

बागेच्या एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला शाळेची भिंत. उरल्या दोन वाटा. आलो तसं परत, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. किंवा नाल्याच्या कडेने पुढे पुलापर्यंत, पूल ओलांडून मोठ्या रस्त्याने वळसा. दीड किलोमीटर जास्त. आत्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिच्या कानाशी गेलो.

"रिक्षा करू. पुलावर बसू, कोपऱ्यावर उतरू. मी काही बोलणार नाही. आईशप्पथ."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला एकदम कल्ले उघडून पाहिल्यासारखं वाटलं.

"तुना काय वाटतं, मी त्याला दाखवाला चालतंय? ता घर माजा हाय. तिथं मी खोटा बोलून राहू?"

आणि ती पुढे चालू लागली. पुलाकडे.

पुलापाशी झाडाखाली एक रिक्षा उभी होती. चालक पाय वर करून फरसाण खात होता. आत्या रिक्षापाशी गेली आणि मागच्या सीटवर टेकली. पाय बाहेर, दोन्ही बूट डांबरावर.

"कुठं जायचं मावशे?" चालक बोलण्यावरून घाटावरचा होता. त्याने सवयीने चावी फिरवली.

"बंद कर!" आत्या ओरडली. "हलवाची नाय! नुसती बसतंय."

"बसा की. पण मग जायचं कुठं?"

"घरी."

"मग सोडतो की!"

"चालत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "विचारू नका." तो म्हणाला, "बरं," आणि फरसाणाची पुडी तिच्यापुढे धरली. तिने चार शेंगदाणे उचलले. ती दहा मिनिटं बसली. पाय जमिनीवरच. मी सांगतो आहे ते हे असंच झालं.

त्या दहा मिनिटांत पुलावरून एक स्कूटर गेली. तिच्यावर आत्याच्या जावेची सून होती. तिने हॉर्न वाजवला, हात केला आणि गेली.

अकरा वीसला आम्ही जिना चढलो. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय, पण चढलो. आतेभावाने दार उघडलं. त्याच्या मागे दिवाणावर दोन्ही बॅगा उघडून ठेवल्या होत्या. एकीत तिच्या साड्यांची चळत गेलीसुद्धा होती.

"रिक्षाने आलीस?"

"नाय."

"आई, वहिनीचा फोन आला होता. तिने पाहिलं तुला. पुलावर. रिक्षात."

"बसली व्हती. रिक्शा उबी व्हती."

तो माझ्याकडे वळला. हा माझा प्रवेश. मी सगळं सांगितलं. कुलूप, शिट्टी, फरसाण, डांबरावरचे बूट. एक अक्षर वाढवलं नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की खरं सांगताना मी वाईट नट आहे. अडखळत होतो, हात कुठे ठेवावे कळत नव्हतं.

"उभ्या रिक्षात कोण बसतं, दादा?"

"तुझी आई बसते! मी शपथेवर सांगतो!"

"तू शपथेवर सांगितलं होतंस की नाल्यात मगर आहे. आम्ही दोन दिवस शाळेत गेलो नव्हतो."

"ती घोरपड होती! चार पाय, शेपूट, फरक फक्त लांबीचा होता!"

"दादा, प्लीज."

आत्या तांब्याभर पाणी प्यायली, तिने रुमालाने तोंड पुसलं आणि ती दाराकडे वळली. बूट काढलेलेच नव्हते.

"कुठे निघालीस?"

"फेरा माराला. आता तू चल संगती."

"आत्ता? डोक्यावर ऊन आहे!"

ती जिना उतरायला लागली. तो हसला. त्याला वाटलं, पहिल्या वळणावर थांबेल. पहिलं वळण गेलं. खालच्या मजल्यावर तिच्या हाताखाली कठडा करकरला. तो पायमोज्यांवर धावत सुटला आणि पुण्यातलं पंधरा वर्षांचं मराठी त्या जिन्यात सांडलं. "आये! आये, थांब गो! परशील!"

मी मागून त्याच्या चपला घेऊन धावलो. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

त्याने तिला फाटकाबाहेर गाठलं. ती डावीकडेच वळली होती. तो तिच्या बाजूने चालायला लागला. वीसएक पावलं झाली. मग तो खाली बघून म्हणाला, "लंगडतेस तू. दुखतोय पाय."

"दुखतो."

"मग कबूल कर ना!"

"केला ना कबूल. दुखतो. रोज दुखतो. पुन्यात दुखनार नाय?"

तो चालायचा थांबला.

"सांग ना. तितं नदीच्या बाजूला दुखनार नसंल तं आताच येतंय. बॅग भरलीसच हाय."

तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. पायमोजे धुळीने काळे झाले होते. मी चपला त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने त्या घातल्या नाहीत. आत्या उभी राहिली, मग तीही त्याच्याशेजारी बसली आणि तिने उजवा पाय लांब केला. त्याने तो आपल्या मांडीवर घेतला आणि भर रस्त्यात बुटाची नाडी सोडली.

"न्हाणीघरात दांड्या बसवायच्या," तो म्हणाला. "धरायला. उद्याच."

"बसव."

"रोज दोनदा फोन."

"येकदा."

"दोनदा. आणि पाणी दुसरं कोणीतरी भरेल."

ती यावर काही बोलली नाही, म्हणजे हे होणार नाही. तोही समजला. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आणि दादा रोज हिच्याबरोबर चालेल."

मी म्हटलं, मला नोकरी आहे, मला मधुमेह आहे, मला बायको आहे. दोघांनीही ऐकलं नाही. दुपारी तो बॅगा रिकाम्याच घेऊन पुण्याला गेला. साड्यांची चळत पुन्हा कपाटात मीच रचली, कारण त्याला म्हणे घाटात गर्दी व्हायच्या आत निघायला हवं होतं.

आता रोज चालतो. पाच नाही, तीन किलोमीटर. कधी पक्षीवाले ओरडतात, कधी मासेवाली. काल खाडीच्या कट्ट्यावर मला दम लागला म्हणून मी टेकलो. आत्या समोर उभी राहून मला न्याहाळत होती.

"दमलास?"

"छे. तूच बस जरा."

"मना बसवू नको," ती म्हणाली. "थांबला की जास्ती दुखतो. ऊठ."